ऑफिसच्या फोनला कॉर्डलेस हँडसेट जोडायचेत? खरेदीआधी आवार चालून पाहा

बाजार समिती असो, जिनिंग असो, दूध शीतकरण केंद्र असो की मोठी शाळा, अडचण सगळीकडे एकच. फोन ऑफिसात वाजतो आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस काट्यावर, गोदामात नाहीतर गेटवर असतो. शिपाई बोलवायला पळतो, तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो. शेतकऱ्याला विचारायचं असतं एवढंच, की उद्या लिलाव आहे का आणि गाडी आत घेताय का. ते न कळाल्यामुळे तो भाड्याची गाडी भरून येतो आणि बंदची पाटी गेटवर वाचतो.

म्हणून ऑफिसच्या फोन यंत्रणेला फिरते हँडसेट जोडायचा विषय मासिक बैठकीत निघतो. ठराव होतो, कोटेशन येतं, खोकी येतात. मग कळतं की हँडसेट ऑफिसच्या व्हरांड्यापर्यंतच चालतो आणि ज्या काट्यासाठी घेतला तिथे आवाज तुटतो. पैसा सभासदांचा गेलेला असतो. हे बहुतेक वेळा यंत्र खराब म्हणून होत नाही, आखणी न करता घेतल्यामुळे होतं.

मोबाईल असताना हे कशाला?

हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. तीन-चार माणसांची सोसायटी असेल, सगळे एका खोलीत बसत असतील, तर यात पडू नये. संस्थेच्या नावावर दोन सिमकार्ड घेतली, साधे मोबाईल दिले, भागलं.

पण दहा-पंधरा माणसं, चार-पाच इमारती आणि दिवसभर बाहेरचे फोन असतील तर हिशोब बदलतो. काटेवाल्याचा स्वतःचा मोबाईल नंबर गावभर झाला की तो सुट्टीवर गेला तरी फोन त्यालाच जातात. तो नोकरी सोडून गेला की नंबरही त्याच्याबरोबर जातो. ऑफिसच्या यंत्रणेत काट्याला १२१ हा नंबर दिला की माणूस कोणीही असो, १२१ काट्यावरच वाजतो. बाहेरच्या शेतकऱ्याला एकच नंबर पाठ असला की पुरे, आतून फोन फिरवता येतो. शिवाय पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये आणि शीतगृहात मोबाईलची रेंज अनेकदा जातेच.

हे चालतं कसं

यात तीन गोष्टी असतात. पहिली ऑफिसचं एक्स्चेंज, ज्याला आपल्याकडे इंटरकॉमचा बॉक्स किंवा ईपीएबीएक्स म्हणतात. नवीन प्रकारात तेच काम नेटवर्क केबलवर चालणारं आयपी एक्स्चेंज करतं. दुसरी गोष्ट बेस, म्हणजे भिंतीवरची छोटी पेटी. तिसरा खिशातला हँडसेट. हँडसेट बेसशी रेडिओ लहरींनी बोलतो आणि बेस एक्स्चेंजशी तारेने. म्हणजे बिनतारी म्हटलं तरी बेसपर्यंत तार न्यावीच लागते. कोटेशनमध्ये केबलिंगचा आकडा दिसत नसेल तर तो नंतर निघणार हे धरून चाला.

या हँडसेटमध्ये बहुधा डेक्ट नावाची पद्धत वापरलेली असते. ती युरोपात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरली. भारतात विकले जाणारे डेक्ट फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. हा पट्टा वायफायपेक्षा वेगळा, त्यामुळे ऑफिसात वायफायची कितीही गर्दी असली तरी बोलण्यात अडथळा येत नाही. वायफायवर चालणारे फोन आणि मोबाईलवरचं ॲप हेही पर्याय आहेत. पण त्यासाठी आवारभर चांगलं वायफाय लागतं, आणि ते असलं तरी चालता चालता बोलणं तुटण्याची तक्रार त्यातच जास्त येते. फिरत्या माणसाला डेक्ट बरा.

ग्रामीण भागाचा या पद्धतीशी जुना संबंध आहे. मद्रास आयआयटीतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात याच डेक्टवरून कॉरडेक्ट नावाची यंत्रणा तयार केली होती. खेड्यात तांब्याची तार टाकणं परवडत नाही, म्हणून मनोऱ्यावरून सरळ नजरेच्या टप्प्यात सुमारे १० किलोमीटरपर्यंत घरोघरी फोन देण्यासाठी ती होती. आजच्या ऑफिसच्या डेक्टला मात्र तेवढा पल्ला नसतो. त्याचा पल्ला मीटरमध्ये मोजायचा.

आधी माणसं मोजा, मग हँडसेट

कोटेशन मागवण्याआधी सचिवांनी किंवा मुख्याध्यापकांनी एका कागदावर माणसांची नावं नाही, जागा लिहाव्यात. काटा, गेट, सेल हॉल, गोदाम, इलेक्ट्रिशियन, रात्रीचा वॉचमन. प्रत्येक जागेपुढे लिहायचं की इथला माणूस बोलताना फिरतो का. फिरत नसेल तर त्याला तारेचाच फोन द्या. तो स्वस्त असतो, चार्ज करावा लागत नाही आणि हरवत नाही. अध्यक्षांच्या टेबलावर कॉर्डलेस शोभून दिसतो, पण उपयोग गेटवरच्या माणसाला जास्त.

मग दुसरा आकडा काढायचा, तो म्हणजे एकाच वेळी किती जण बोलतील. हा बहुतेक जण विसरतात. डेक्टच्या एका बेसवर तांत्रिक हिशोबाने जास्तीत जास्त १२ बोलणी एकाच वेळी होऊ शकतात. छोट्या ऑफिससाठी मिळणाऱ्या बेसवर साधारण ५ ते १० हँडसेट जोडता येतात, आणि एकावेळच्या बोलण्यांची मर्यादा मॉडेलप्रमाणे त्याहून कमीही असू शकते. जोडता किती येतात आणि एकावेळी बोलता किती येतं, हे दोन आकडे दुकानदाराकडून वेगवेगळे लिहून घ्यावेत.

बाहेरच्या लाइनचं गणित आणखी वेगळं. साध्या लाइन दोनच असतील, तर हँडसेट वीस घेतले तरी बाहेर दोघेच बोलणार. लाइन इंटरनेटवरून घेतली असेल तर नेहमीच्या दर्जाच्या एका बोलण्याला दोन्ही बाजूंनी साधारण १०० केबीपीएस लागतात, म्हणजे पाच बोलण्यांना अर्धा एमबीपीएस. वेग फार लागत नाही, पण तो स्थिर लागतो. आतल्या आत होणाऱ्या बोलण्याला इंटरनेट लागतच नाही, एक्स्चेंज आवारातच असेल तर.

पल्ल्याचा खरा हिशोब

माहितीपत्रकावर बहुधा लिहिलेलं असतं, मोकळ्यात ३०० मीटर, इमारतीत ५० मीटर. हे खोटं नाही. पण ते मोकळं मैदान आणि साध्या भिंती धरून आहे. आपल्या आवारात मैदान मोकळं कधी असतं?

लोखंडी पत्रा लहरी अडवतो आणि परतवतो. स्लॅबमधल्या सळया अडवतात. जुन्या वाड्याच्या दोन-अडीच फुटी दगडी भिंतीत बराच जोर जातो. शीतगृहाच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी धातूचा पत्रा असतो, त्यामुळे दार लागलं की आतला हँडसेट जवळपास बंदच. पाण्याची टाकी आडवी आली तर तिच्या मागे सावली पडते, उन्हाची पडते तशीच. भरलेले ट्रक आणि ट्रॉल्या हाही लोखंडी पडदाच आहे, फक्त हलणारा. म्हणून रविवारी रिकाम्या आवारात झालेल्या चाचणीवर भरवसा ठेवू नये. बाजाराच्या दिवशी, आवार गच्च भरलेलं असताना चाचणी घ्यावी.

चाचणी म्हणजे फार शास्त्र नाही. दुकानदार म्हणतो, "साहेब, पूर्ण आवारात रेंज मिळते, काळजीच नको." त्याला एवढंच सांगायचं, "मग बाजाराच्या दिवशी एक बेस आणि दोन हँडसेट घेऊन या, आणि काट्यावर उभं राहून आमच्याशी बोलून दाखवा." जो विक्रेता याला तयार नाही, त्याचं कोटेशन कितीही कमी असलं तरी बाजूला ठेवलेलं बरं.

बेस तात्पुरता जिथे बसवायचा विचार आहे तिथेच, तेवढ्याच उंचीवर धरावा. एक माणूस ऑफिसात, दुसरा हँडसेट घेऊन चालणार. चालणाऱ्याने सतत बोलत राहायचं, आकडे मोजले तरी चालतील. आवाज तुटला की ऑफिसातल्याने सांगायचं आणि चालणाऱ्याने आवाराच्या नकाशावर तिथे फुली मारायची. नकाशा हाताने काढलेला चालतो. गोदामाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, काट्याच्या केबिनमध्ये दार लावून, मोटारीच्या खोलीत, संडासाकडेसुद्धा जाऊन यायचं. वॉचमन रात्री तिथेही जातो. हँडसेटवरच्या काड्यांवर विसंबू नये, कानाला काय ऐकू येतं ते खरं.

बेस कुठे लावायचा यात एक चूक फार होते. सगळं सामान एकत्र राहावं म्हणून बेसही लोखंडी कपाटात किंवा जाळीच्या रॅकमध्ये कोंबतात. मग पल्ला मिळणार कुठून? बेस भिंतीवर आठ-दहा फूट उंचीवर, पत्र्यापासून दूर आणि ज्या बाजूला माणसं फिरतात त्या बाजूला हवा.

एक बेस पुरत नसेल तर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून हे नीट समजून घ्यावं.

पहिला मार्ग रिपीटर. तो बेसचा आवाज उचलून पुढे टाकतो. त्याला फक्त वीज लागते, नेटवर्कची तार लागत नाही, त्यामुळे काम सोपं होतं. पण रिपीटर तिथेच लावावा लागतो जिथे बेसची रेंज अजून चांगली आहे. रेंज संपते तिथे लावला तर पुढे टाकायला त्याच्याकडेच काही नसतं. शिवाय रिपीटरमार्फत एकावेळी थोडीच बोलणी होतात. गेटवरच्या एका माणसासाठी ठीक, सेल हॉलसाठी नाही.

दुसरा मार्ग एकाच जातीचे अनेक बेस, जे एकमेकांशी ताळमेळ ठेवतात. याला मल्टिसेल म्हणतात. यात माणूस बोलत बोलत एका बेसच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला तरी फोन तुटत नाही. पण अट अशी की बेसना एकमेकांची रेंज मिळाली पाहिजे, म्हणजे त्यांच्या हद्दी एकमेकींवर थोड्या चढलेल्या असाव्यात. मध्येच मोठी पत्र्याची शेड आडवी असेल तर तिला वळसा घालून एखादा जास्तीचा बेस लावावा लागतो.

आणि तिसरा, जो मार्गच नव्हे: दोन साधे बेस घेऊन दोन टोकांना लावायचे आणि फोन आपोआप फिरेल असं समजायचं. तो फिरत नाही. ऑफिसच्या बेसवर बोलत निघालेला माणूस गोदामाशी पोचला की फोन कट होतो. दुकानात दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात, किमतीत मात्र फरक असतो. कोटेशनमध्ये मल्टिसेल हा शब्द आणि चालू बोलणं एका बेसवरून दुसऱ्यावर जाईल हे वाक्य लिहून घ्या.

बेसपर्यंतच्या तारेलाही मर्यादा आहे. नेटवर्कची नेहमीची तांब्याची केबल एका दमात १०० मीटरपर्यंतच चालते. ऑफिस ते गेट अंतर १८० मीटर असेल तर मध्ये स्विच लागेल किंवा फायबर टाकावी लागेल. इमारती वेगळ्या असतील तर फायबरच बरी. वळवाच्या पावसात वीज जवळपास कोसळली की तांब्याच्या तारेतून झटका ऑफिसपर्यंत येतो आणि एक्स्चेंज, स्विच, संगणक सगळं एकदम जातं. फायबर काचेची, तिच्यातून वीज वाहत नाही.

वीज गेली की काय?

पूर्वीचा तारेचा फोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला ४८ व्होल्टची वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून तारेतूनच मिळायची. ही सवय मनात पक्की बसली आहे. आता बहुतेक लाइन फायबरवर गेल्यात आणि काचेतून वीज येत नाही.

कॉर्डलेसच्या हँडसेटमध्ये बॅटरी असते, म्हणून वाटतं लाइट गेली तरी चालेल. पण हँडसेट जिवंत आणि बेस मेलेला असेल तर उपयोग शून्य. फायबरचा डबा, राउटर, एक्स्चेंज, स्विच, बेस, ही सगळी साखळी आहे. यातलं एकही इन्व्हर्टरवर नसलं तर फोन बंद. ही सगळी यंत्रं मिळून वीज फार खात नाहीत, छोटा इन्व्हर्टर पुरतो. फक्त गेटजवळचा स्विच विसरला जातो, कारण तो ऑफिसात नाही, टपरीएवढ्या केबिनमध्ये असतो. शक्य असेल तिथे नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणारे बेस घ्यावेत. मग बेसजवळ वेगळा प्लग लागत नाही आणि ऑफिसच्या एका इन्व्हर्टरवर सगळे बेस चालतात.

हे फक्त सोयीसाठी नाही. जिनिंगमध्ये रात्री कापसाला आग लागली किंवा कुणाचा हात मशीनमध्ये गेला, तर वॉचमन हातातल्याच हँडसेटवरून १०८ किंवा ११२ फिरवणार. त्या वेळी मेन स्विच पाडलेला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून हे दोन नंबर प्रत्येक हँडसेटवरून थेट लागतात का, आधी शून्य दाबावं लागतं का, हे पहिल्याच दिवशी तपासून गेटवर मोठ्या अक्षरांत लिहून लावावं. तपासताना खोटी माहिती द्यायची नाही. चाचणी कॉल आहे असं सांगून फोन ठेवायचा.

बसवताना

जोडणीचं काम तंत्रज्ञाचं, पण संस्थेच्या एका माणसाने बाजूला उभं राहून ते पाहावं आणि वहीत लिहून घ्यावं. क्रम साधारण असा असतो. एक्स्चेंजमध्ये नंबर तयार करायचे, बेसला कायमचा एकच नेटवर्क पत्ता द्यायचा, मग बेसचं बटण दाबून एकेक हँडसेट नोंदवायचा. नोंदणीचा पिन बहुतेक वेळा कंपनीने ०००० ठेवलेला असतो, तो बदलावा. हँडसेटवर नाव माणसाचं न टाकता जागेचं टाकावं.

आवाज एकाच बाजूने येत असेल किंवा फोन थोड्या वेळाने आपोआप कट होत असेल तर पहिला संशय राउटरवर घ्यावा. बऱ्याच राउटरमध्ये सिप एएलजी नावाची सोय चालू असते. ती मदतीसाठी असली तरी इंटरनेटवरच्या फोनला अनेकदा तीच त्रास देते. ती बंद केली की पुष्कळदा दुखणं जातं.

फोन कुठे आणि किती वेळ वाजायचा हे बैठकीत ठरवण्यासारखं आहे, तंत्रज्ञावर सोडू नये. बाहेरचा फोन आधी ऑफिसात, चार-पाच वेळा वाजून कोणी उचलला नाही तर काट्यावर आणि गेटवर एकदम, संध्याकाळनंतर थेट वॉचमनकडे. सगळेच हँडसेट एकदम वाजवायची सोय असते, पण तसं केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा उचलेल आणि कोणीच उचलत नाही.

पासवर्डचा विषय हसण्यावारी नेऊ नये. इंटरनेटला जोडलेलं एक्स्चेंज सैल पासवर्डवर ठेवलं तर परक्या देशातून त्यात घुसून रात्रभर परदेशी नंबर फिरवतात, आणि बिल संस्थेच्या नावावर येतं. १२१ नंबरचा पासवर्ड १२१ असा असू नये. परदेशी कॉल लागतच नसतील तर ते एक्स्चेंजमध्ये आणि फोन कंपनीकडे, दोन्हीकडे बंद करून घ्यावेत. तंत्रज्ञाला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून एक्स्चेंज इंटरनेटवर उघडं ठेवू देऊ नये.

परदेशातून आणलेला फोन

अमेरिकेत असलेला भाचा किंवा पुतण्या येताना चांगला कॉर्डलेस घेऊन येतो. त्यावर डेक्ट ६.० असं लिहिलेलं असतं. तो आपल्याकडे लावू नये. अमेरिकेतले हे फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात आणि भारतात तो पट्टा मोबाईल कंपन्यांकडे आहे. घरातला फोन चालतो, पण जवळच्या टॉवरला त्याचा त्रास होतो आणि गावाची मोबाईल रेंज बिघडू शकते. खरेदी भारतात विकायला मंजूर असलेल्या मॉडेलचीच करावी आणि मंजुरीची कागदपत्रं विक्रेत्याकडून मागून घ्यावीत.

तसंच बाहेरची लाइन परवानाधारक फोन कंपनीकडूनच घ्यावी. सिमकार्डांची पेटी लावून स्वस्तात बाहेरचे कॉल फिरवून देतो म्हणणारे भेटतात. विनापरवाना असं एक्स्चेंज चालवणं गुन्हा आहे आणि नाव संस्थेचं येतं.

हँडसेट टिकवायचे तर

कांद्याची टरफलं, कापसाची पूस, हळदीची धूळ हे हँडसेटचे शत्रू. बाहेर फिरणाऱ्या माणसाला धूळ-पाणी सोसणारं मॉडेल द्यावं, ऑफिसात साधं चालतं. चार्जिंगचा पाळणा जागेवरच हवा. तो ऑफिसात ठेवला तर रात्री हँडसेट गेटवरच राहतो आणि सकाळी बॅटरी संपलेली असते. साध्या हँडसेटमध्ये रिचार्ज होणारे पेन्सिल सेल असतात. ते संपले म्हणून किराणा दुकानातले भिंतीवरच्या घड्याळाचे सेल घालून हँडसेट चार्जिंगला लावू नये. ते तापून गळतात, फुटूही शकतात. बदली बॅटऱ्या पहिल्या खरेदीतच घ्याव्यात, दोन वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असतं.

शेवटचं बिल काढण्याआधी पुन्हा तोच नकाशा हातात घेऊन बाजाराच्या दिवशी फेरी मारावी. ऑफिसपासून गेटपर्यंत बोलत जायचं, मग मेन स्विच बंद करून तेच पुन्हा. पहिल्या चाचणीत जिथे फुल्या पडल्या होत्या तिथे उभं राहून बोलायचं. एखादी फुली तशीच राहिली असेल तर तिची नोंद विक्रेत्याच्या सहीने घ्यावी आणि रकमेचा ठरलेला भाग तोवर थांबवून ठेवावा. पासवर्डचा कागद, नंबरांची यादी आणि केबल कुठून कुठे गेली त्याचा नकाशा त्याच दिवशी सचिवांच्या ताब्यात यावा. जुना तारेचा एक फोन मात्र काढून टाकू नये, तो ऑफिसात एक्स्चेंजला जोडलेलाच राहू द्यावा.